माझी लेक तापानं गेली

तूर भरली आहे. शेंगा हिरव्या आहेत तोवरच सोले, म्हणजे आतले ओले दाणे, काढून घ्यायचे, नंतर दाणा कडक होतो आणि त्याची गोडी जाते. म्हणून या दिवसांत दुपारी मी अंगणात पोतं अंथरून बसते. पुढ्यात शेंगांचा ढीग, एका हाताला टोपलं, दुसऱ्या हाताला तांब्या, आणि तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. मोबाइलात कोणीतरी लेखक बोलत असतो.

मला या मुलाखतींची सवय लागली आहे. माझ्या वयाच्या बाया भजनं ऐकतात. मी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचं आणि सिनेमे लिहिणाऱ्यांचं बोलणं ऐकते. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण त्यांची पुस्तकं मी वाचलेली नाहीत आणि वाचायचीही नाहीत. नुसतं ऐकते. खुर्च्या चांगल्या असतात. मागे कुंडीत झाड असतं. समोरची मुलगी दर वाक्याला मान हलवते. लेखक सांगतो की मी पहाटे उठून लिहितो. मग सांगतो की सुरुवातीला फार हाल काढले, कोणी छापत नव्हतं. मग सांगतो की एकदा लिहायला बसलं की पात्रं आपणहून बोलायला लागतात, मी फक्त उतरवून घेतो. हे शेवटचं जवळजवळ सगळेच सांगतात. एक जण म्हणाला, त्याच्या कादंबरीतली बाई त्याला झोपू देत नसे. मी शेंग फोडता फोडता मोबाइलला म्हटलं, "बाप्पा, मंग तू नशीबवान हायेस."

माझी रेखा गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मेलेलं माणूस बोलत नाही. जे बोलतं ते आपलंच डोकं असतं, आणि आपल्या डोक्यावर किती भरवसा ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं.

शेजारची कमल तिच्या शेंगा घेऊन माझ्याच अंगणात येते. तिला मोबाइलमधलं फारसं कळत नाही, पण सोबत होते.

"काय वं बुढे, आज कोणता हाये?"

"नवीन हाये. याची बी पात्रं बोलतात."

"बोलू दे. माह्या घरचे तं जित्ते असून बोलत नाईत."

ती हसते. मी हसत नाही. मी वाट पाहत असते. यांच्यातला एक तरी कधीतरी म्हणेल की आम्ही लोकांच्या घरातलं उचलतो आणि आमच्या सोयीनं कापतो, आणि ज्यांचं उचललं त्यांचं पुढं काय झालं ते पाहायला परत जात नाही. अजून कोणी म्हणालेलं नाही.

माझ्या घरी लेखक उतरले त्या वर्षीही तूर अशीच भरली होती. आमचं गाव धनजपासून आत. सरपंचाच्या ओळखीनं दोन माणसं आली. समोरची खोली माझे मालक वारल्यापासून रिकामीच असते, म्हणून त्यांना माझ्याकडे उतरवलं. थोरला कादंबरीकार. केस पांढरे, आवाज हळू, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. धाकटा सिनेमा लिहिणारा, मुंबईचा, घरातही टोपी घालणारा, जेवताना स्वतःहून आणखी भाकर मागणारा. मला धाकटा आवडला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी पहिल्यापासून त्यांच्यावर डोळे वटारून बसले होते. तसं नव्हतं. घरात माणसं होती, बोलणं होतं, मला बरं वाटत होतं.

दुपारी ते आमच्यासोबत सोले काढायला बसत. थोरल्याला येत होतं. तो खेड्यातच वाढलेला, अंगठ्याचं नख शेंगेच्या शिवणीत घालून सरळ फाडायचा. धाकटा शेंग चुरगाळायचा आणि दाणे अंगणभर उडवायचा. कमल म्हणायची, "भाऊ, कोंबड्यांले चारून राह्यले का आमाले मदत करून राह्यले?"

ते आम्हाला विचारायचे तसं मीही त्यांना विचारायचे. मोबाइलातल्या मुलीपेक्षा मी पुष्कळ जास्त विचारलं असेल.

"एक कादंबरी लिवाले किती दिस लागतात?"

"तीन-चार वर्षं, आजी," थोरला म्हणाला.

"तोवर खाता काय?"

"मास्तरकी केली ना. निवृत्त झालो आता."

"म्हंजे लिवनं हे जोडधंदा."

तो खूप हसला. धाकट्याला मी विचारलं की तुझं कसं. तो म्हणाला, "आमचं तसं नाही आजी. मी लिहितो, मग दुसरे बदलतात, मग मी पुन्हा लिहितो, मग तिसरे बदलतात. मध्यंतराच्या आधी काहीतरी मोठं घडावंच लागतं. नाहीतर लोक उठून जातात."

"काय घडावं लागते?"

"कोणी मरतं, कोणी पळून जातं, काही उघडकीला येतं."

"अन् नाई घडलं तं?"

"घडवायचं."

आम्ही सगळ्या हसलो. आमच्याकडे वर्षाच्या मधोमध फवारणी येते आणि सोयाबीन येतं, उठून जायची सोय नसते. तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं. आता त्यातला तो एक शब्द मला आठवू नये अशा वेळी आठवतो. भाकर थापताना आठवतो. घडवायचं.

रेखाचं नाव मी काढलं नाही. कमलनं काढलं, आणि वाईट हेतूनं नाही. धाकटा तुरीच्या झाडाबद्दल काहीतरी गोड बोलला तेव्हा ती म्हणाली, "हिले नोका सांगू तुरीचं कौतिक. हिची पोरगी तुरीच्या दिसातच गेली." मग दोघांचे हात थांबले.

मी सांगितलं. बरीच वर्षं झाली होती, आणि लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. रेखा माझी एकुलती एक लेक. शिरपूरकडच्या गावी दिलेली, जावई विलास, घरची थोडी शेती आणि दोन म्हशी. तिची मुलगी पल्लवी तेव्हा अंगावर पीत होती. रेखाला ताप आला. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, ताप उतरला, तिनं उठून भांडी घासली, आणि पुन्हा चढला. निरोप आला तशी मी गेले. ती माणसं ओळखेनाशी झाल्यावर विलासनं जीप केली आणि आम्ही वाशीमला निघालो. तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि पल्लवी माझ्या. रस्त्यातच ती गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला होता. परत येताना पल्लवी भुकेनं रडत होती आणि आमच्यापैकी कोणापाशी तिला द्यायला काही नव्हतं.

धाकट्यानं हातातली शेंग टोपल्यात टाकली. मग म्हणाला, "म्हणजे एवढंच?"

तो वाईट माणूस नाही. पण त्यानं असं विचारलं. मग थोरल्यानं आपल्या हळू आवाजात विचारलं, "आजी, तिला काय हवं होतं? म्हणजे आयुष्याकडून." गोष्टीतल्या माणसाला काहीतरी हवं असावं लागतं, असं त्यानं मला समजावून सांगितलं. ते मिळत नाही, म्हणून गोष्ट होते.

मी विचार केला. खरं उत्तर द्यायचं म्हणून विचार केला. म्हटलं, "झोप पाह्यजे होती तिले. लेकरू रातभर किरकिरे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. झोप चालण्यासारखी नव्हती.

जायच्या आधी धाकट्यानं आम्हा बायांना बसवून गोष्ट सांगितली. तीच दुपारची वेळ, तेच अंगण, त्याच शेंगा. इथं एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी मधून मधून हूं म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की माणसं ऐकताहेत. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते, आणि गोष्ट अर्ध्यात तोडणं चांगलं मानत नाहीत. हुंकारा बहुतेक वयानं मोठी बाई देते. त्या अंगणात मोठी मीच होते. माझी आजी राक्षसाची गोष्ट सांगायची तेव्हा मी लहानपणी हुंकारा दिला आहे. राक्षसानं राजकन्या गिळली, हूं. म्हणून मी काही राक्षसाच्या बाजूची झाले नाही.

धाकटा छान सांगत होता, हे खोटं कशाला बोलू. एक बाई असते. हूं. तिला मुलगी होते. हूं. नवऱ्याला मुलगा हवा असतो. हूं. तो दारू पिऊन तिला मारतो. हूं. तुरी सोंगायच्या दिवशी ती लेकराला शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत निजवते, त्याला गाणं म्हणते, आणि विहिरीत उडी घेते.

कमल रडली. मी हुंकारा पुरा केला आणि मग म्हटलं, "भाऊ, हे असं नव्हतं झालं."

"हो हो आजी," तो म्हणाला, "ही गोष्ट आहे."

मीही म्हटलं, गोष्ट आहे. गोष्टीत काहीही असतं. जाताना त्यांना वाळवलेल्या सोल्यांची पिशवी दिली. थोरला पाया पडला.

सिनेमा आला तेव्हा तुरीचे दिवस नव्हते, उन्हाळा होता. मोबाइलवरच आला. सुरुवातीलाच पाटी होती की ही गोष्ट सत्य घटनेवर आधारलेली आहे. बाईचं नाव बदललं होतं. बाकी खुणा बदलल्या नव्हत्या. शिरपूरकडचं गाव, दोन म्हशी, अंगावर पिणारी पोर, माझ्यासारखी चष्म्याला दोरा बांधलेली म्हातारी. आणि नवरा. नवऱ्याचं काम करणारा माणूस विलाससारखाच उंच आणि वाकलेला. तो कमरेचा पट्टा काढतो तेव्हा कॅमेरा त्याच्या हाताकडे जातो आणि तिथंच थांबतो.

मग मुलाखती आल्या. मी पाहिलेली पहिली मुलाखत तीच. दोघे शेजारी शेजारी बसले होते, मागे कुंडी. मुलीनं विचारलं, हे पात्र तुम्हाला कुठं भेटलं? धाकट्यानं धनजचं नाव घेतलं, तुरीच्या शेंगांचं नाव घेतलं, आणि म्हणाला, एका आजींनी आम्हाला त्यांची लेक दिली. मुलीनं विचारलं, कुटुंबाची परवानगी? तो म्हणाला, "आजींना आम्ही पूर्ण कथा ऐकवली होती. त्या प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होत्या. डोळ्यांत पाणी होतं."

पाणी नव्हतं. पाणी कमलच्या डोळ्यांत होतं. आणि धाकट्याचं सोडा, तो मुंबईचा. शेजारी थोरला बसला होता. तो आमच्यासारख्याच अंगणात वाढला होता, त्याला हुंकारा म्हणजे काय ते मी सांगायची गरज नव्हती. तो मान खाली घालून बसला आणि मग पाणी प्याला.

लोक काय म्हणाले ते फार लिहीत नाही. आमच्या गावात सगळ्यांना खरं माहीत होतं, तरी दोघी-तिघींनी मला हळूच विचारलं, "तापाचं तं सांगतलंच व्हतं तुमी, पण खरं काय व्हतं वं?" माणूस तापानं मरतं यावर कोणाचा विश्वास नाही. इथं ज्याच्या त्याच्या घरी कोणी ना कोणी तापानं गेलेलं आहे, तरी नाही. विलासच्या गावी जास्त झालं. एका लग्नात तो पंगतीत बसला तर शेजारची दोन पानं रिकामी राहिली.

मी जावयाची वकिली करणारी बाई नाही. विलास मला पहिल्यापासून आवडला नाही. कंजूस आहे. बोलत नाही, आणि बोलला तर म्हशीविषयी बोलतो. रेखाला आम्ही दिलेली गाय त्यानं मला न विचारता विकली, त्यावरून आमचं बरीच वर्षं वाकडं होतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. ते रेखाच्या मायेपोटी की आळसापोटी, मला माहीत नाही. पण त्यानं तिच्यावर हात टाकला नाही. टाकला असता तर रेखानं त्याचा हात मोडला असता, तशी ती होती. आणि पल्लवी त्यानं एकट्यानं वाढवली. तिच्या वेण्या घालायचा, वाकड्या घालायचा, पण घालायचा.

पल्लवी कारंज्याला कॉलेजात शिकते, खोली घेऊन राहते. तिनं तो सिनेमा मैत्रिणींसोबत पाहिला. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, हे तुमचंच गाव ना? तिनं बापाला फोन करून विचारलं, तुम्ही आईला मारत होते का? तो नाही म्हणाला. तिनं विचारलं, मग ते खोटं काहून दाखवतीन? त्यानंतर ती घरी गेली नाही आणि त्याचा फोन उचलेना. दिवाळीलाही गेली नाही. दिवाळीत मी विलासच्या घरी होते. त्यानं दाराशी पणती लावली आणि जेवून गोठ्यात गेला.

मी थोरल्याला फोन लावला. त्यानं लगेच उचलला आणि तब्येत विचारली.

"भाऊ, तुमी माह्या लेकीले विहिरीत काहून टाकलं?"

"आजी, ती तुमची रेखा नाहीच. ते पात्र आहे."

"मंग सत्य घटना काहून लिवलं?"

"तसं लिहावं लागतं आजी. खरं म्हटलं की लोक बघतात."

"म्हंजे आधी खोटं कराचं, अन् मंग त्यावर खरं म्हून चिठ्ठी लावाची."

"तुम्ही रागावलात."

"रागावली व्हय. माही नात बापाचं तोंड पाहून नाई राह्यली. तिले वाटते माय तिच्यापायी मेली. पोरगी झाली म्हून मेली. हे तिच्या डोक्यातून कोन काढीन? तुमी याल?"

तो म्हणाला, एक लेख लिहितो, त्यात स्पष्ट करतो. लेख आलाही असेल. पल्लवी लेख वाचत नाही, सिनेमा पाहते.

तूर पुन्हा भरली तशी मी शेंगांची पिशवी घेऊन एसटीनं कारंज्याला गेले. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला कापूस उडून चिकटलेला होता. पल्लवीची खोली जिन्यावरून वर, माझे गुडघे तिथवर बोलले. मैत्रिणी कॉलेजात होत्या. ती वाळली होती. मी शेंगा तिच्यापुढे टाकल्या आणि म्हटलं, सोल. हात रिकामे असले की माणूस ऐकत नाही.

"आजी, तू खरं सांगशीन का?"

"मी खोटं कधी सांगतलं?"

"मी झाले म्हणून बाबांनी आईले त्रास दिला?"

"तू झाली तवा त्यानं गावात गूळ वाटला."

"पेढे नाई?"

"पेढे कायले वाटते तो. कंजूस हाये. पण गूळ वाटला. पोरीचा गूळ कोनी वाटत नाई तवा."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं आणि पुन्हा बंद झालं. म्हणाली, "सिनेमात आई मले गाणं म्हणते."

"तुह्या मायले गाता येत नव्हतं."

"मंग काय येत व्हतं?"

मी सांगितलं. भाकरी थापायचा कंटाळा, भाकर जाड करायची. चिडकी होती. एकदा नणंदेला उलथनं फेकून मारलं, लागलं नाही, पण फेकलं. पोहायला येत होतं, भावकीतल्या पोरांपेक्षा चांगलं, म्हणून विहिरीची गोष्ट आणखीच येडपटपणाची. म्हशीला घाबरायची. उन्हाळ्यात डोकं दुखायचं तेव्हा कपाळाला फडकं करकचून बांधून पडून राहायची आणि कोणाशी बोलायची नाही.

पल्लवी ऐकत होती, पण ज्या तोंडानं ती ऐकत होती ते मला आवडलं नाही. पाहुण्याच्या तोंडून दुसऱ्याच कोणाची हकिकत ऐकावी तसं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, इतक्या वर्षांत तू आईचं एवढं कधीच बोलली नाई. आता सिनेमा आला तवा बोलून राह्यली."

मी म्हटलं, "कोनी इचारलं नाई."

"मी लहान होते. मले काय इचारायचं ते माहीत व्हतं का?"

शेंगा संपत आल्या होत्या. मी म्हटलं, बापाला फोन लाव, माझ्यासमोर लाव, काय विचारायचं ते विचार. तिनं आधी दोन शेंगा सोलल्या. मग लावला आणि मोबाइल मोठ्या आवाजावर टाकून आमच्या मध्ये ठेवला. विलासनं पहिल्याच घंटीला उचलला.

"जेवली का?" तो म्हणाला.

"बाबा, आजी आली हाये. खरं सांगा. आई कशानं गेली?"

"तापानं."

"मंग तुमी त्या लोकाइशी भांडले काहून नाई? गप काहून बसले?"

तिकडून म्हशीच्या साखळीचा आवाज आला. मग मीच बोलले, मला राहवलं नाही. "व्हय, काहून नाई भांडले? तुमच्यापायी मी या वयात परक्या माणसाइले फोन करून राह्यली. अन् तुमी गोठ्यात."

"मामी," तो म्हणाला, सासूला तो मामीच म्हणतो, "मी पाह्यतो तो सिनेमा."

"पाह्यला ना सगळ्याइनं."

"तसं नाई. रोज पाह्यतो. दूध काढून झालं का पाह्यतो."

"काहून?"

"त्यात ते बाई सोले काढाले बसते तवा पाय लांब करून बसते. शेंग हातानं नाई फोडत, दातानं फोडते. रेखा तशीच फोडे." साखळी पुन्हा वाजली. "माह्यापाशी तिचा लग्नातला एक फोटो हाये, त्यात ते खाली पाह्यते. हालत नाई, बोलत नाई. हे हालते." मग म्हणाला, "विहिरीच्या आधी बंद करतो."

पाय लांब करून बसणं, शेंग दातानं फोडणं, हे त्या दोघांना मीच सांगितलं होतं. सोले काढता काढता, त्यांनी विचारलं म्हणून. तेवढं त्यांनी खरं ठेवलं.

पल्लवीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं मोबाइल उचलला, आवाज बारीक केला, कानाला लावला आणि खिडकीपाशी गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी सोललेले दाणे डब्यात भरले आणि जिना उतरले. गाडी लागलेली होती.

संक्रांतीला ती घरी गेली. बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं, लोकांची तोंडंही हळूहळू दुसरीकडे वळली. मला जे हवं होतं ते झालं, असं कमल म्हणते. झालं. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दूध काढून झाल्यावर विलासनं मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, पल्लवी त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं पाहू लागले. ती बाई पाय लांब करून बसली, ती बाई लेकराला गाणं म्हणाली. पल्लवीला गाणं पाठ झालं आहे, ती सोबत म्हणत होती. विहीर दिसायच्या आधी पल्लवीनंच हात पुढे करून बंद केलं. तिला जागा बरोबर माहीत आहे.

मग दोघं तिच्याविषयी बोलत बसले. आई असं करायची, आई तसं हसायची. चिडक्या, जाड भाकरी करणाऱ्या, म्हशीला घाबरणाऱ्या बाईचं नाव त्या घरात निघालं नाही. एकदा मी म्हटलं, रेखाला गाता येत नव्हतं. विलास म्हणाला, "राहू द्या मामी."

आता मी गेले की पल्लवी मलाही बोलावते. "आजी, ये ना, आई पाह्य." मी उठत नाही. ती बाई माझी कोणी लागत नाही.